शेवट नावाची फाईल

"आई, हे तुम्ही लिहिलंत?"

केतकी, माझी सून, हातात लग्नपत्रिका धरून ओट्यापाशी उभी होती. रविवार, सकाळचे पावणेदहा. चहा उतू चालला होता आणि दोघींपैकी कुणीच गॅस बंद करत नव्हतं.

"मी? मी कशाला लिहीन?" मी म्हटलं. "तुझ्या कंप्युटरनंच लिहिलं असेल. हल्ली ते काहीही करतात."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग पत्रिकेकडे. मग गॅस बंद केला.

पत्रिका वरून झकास होती. गणपती, भैरोबा प्रसन्न, घाडगे मास्तरांची मुलगी रोहिणी, मुलाकडचं गाव, मुहूर्त दुपारी बारा वाजून एकतीस मिनिटं, मामा, काका, आणि 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी सात चिल्लीपिल्ली. तळाशी सोनेरी शाईत हे:

'कै. रोहिणी हिचा आत्मा अजून घरातच फिरत आहे, तरी येताना चपला नीट लावून ठेवाव्यात. रडणाऱ्यांनी मागच्या दाराने यावे. जेवणात बुंदी आहे. आपले शोकाकुल.'

अशा चारशे पत्रिका. मास्तर त्याच दिवशी सकाळी सातला गठ्ठा घेऊन गेले होते. वरची एक मी नेहमीसारखी माझ्या संग्रहाला म्हणून आदल्या संध्याकाळी घरी आणली होती, आणि न वाचता पर्समध्ये ठेवली होती.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट, कराडातली. तिथल्या एका छापखान्यात मी एकतीस वर्षं पत्रिकांचा मजकूर लिहीत होते. अर्ध्या तालुक्याची लग्नं माझ्या हाताखालून गेली. एकदा तर माझी पत्रिका कुणीतरी मोठ्यानं वाचली आणि नवरदेवाच्या घोड्याला हुंदका आला. वरात वीस मिनिटं थांबली होती. खोटं वाटत असेल तर घोड्याला विचारा म्हटलं असतं, पण तो आता नाही.

मालक होते शेटेसाहेब. त्यांना पत्रिकांची वेबसाइट काढायची होती. लोकांनी घरबसल्या देव निवडायचा, मजकूर निवडायचा, नावं भरायची, की पत्रिका तयार. हे काम त्यांनी केतकीला दिलं, तीन महिन्यांच्या बोलीवर. नीट झालं तर नोकरी पक्की. एक जरी घोळ झाला तर नमस्कार. ते असंच बोलायचे, मोजून.

केतकी पुण्याला मोठ्या कंपनीत कंप्युटरचं काम करायची. लग्न करून इकडे आली आणि दोन वर्षं घरात बसली. माझा मुलगा सुरतेला, महिन्यातून दोन दिवस यायचा. दुसऱ्या वर्षी ती भाजी चिरताना सुरीशी बोलायला लागली. नुसतं बोलणं मी चालवून घेतलं असतं, पण मधेमधे थांबून ती उत्तर ऐकून घ्यायची. तेव्हा मी शेटेसाहेबांच्या मागं लागले.

तिनं आल्याआल्या माझ्या सगळ्या पत्रिकांचे तुकडे करायला लावले. देवाचं नाव एका फाईलीत, मुलीची ओळख दुसऱ्या फाईलीत, मुहूर्त तिसऱ्या, चिल्लीपिल्ली चौथ्या.

"ह्यांना साचे म्हणायचं, आई. नावाच्या जागी मोकळी खूण ठेवायची. गिऱ्हाइकानं नाव भरलं की ते आपोआप तिथं जाऊन बसतं."

एकशेचौदा साचे झाले. मग ती काळ्या पडद्यावर एक शब्द टाइप करायची, की एक प्रोग्राम 'साचे' नावाच्या फोल्डरमध्ये शिरायचा, त्याच्या आतल्या फोल्डरांतही शिरायचा, दिसेल ती फाईल उचलायचा आणि सगळ्यांची मिळून एकच मोठी फाईल बांधायचा. ती त्याला बिल्ड म्हणायची. मी गठ्ठा म्हणायचे.

"एकच कशाला?" मी विचारलं होतं.

"एकशेचौदा जणांना एकेक हाक मारत बसण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना घेऊन यायचं. वेळ वाचतो. फक्त एक लक्षात ठेवा. गठ्ठ्यात फोल्डरचं नाव राहत नाही, फाईलीचं तेवढं राहतं. दोन फाईलींना एकच नाव दिलंत तर मागून येणारी पहिलीच्या जागी बसते. पहिली गेली."

"गेली म्हणजे?"

"गेली."

मी हो हो म्हटलं. मी तेव्हा चकली खात होते.

शनिवारी बारा वाजता मास्तरांच्या पत्रिकेचा नमुना मी वाचून पास केला. दोन वाजता मास्तरांचा फोन आला, मुलीच्या धाकट्या मामाचं नाव राहिलंय, नाव नसेल तर तो मांडवात पाऊल टाकणार नाही. केतकीनं नाव घातलं, परत गठ्ठा बांधला आणि पत्रिका मशीनवर चढली. एका मामासाठी परत सगळं वाचणार कोण?

बारा ते दोन मी काय केलं ते सांगायचं राहिलं. डबा खाऊन झाला होता, कंटाळा आला होता. लग्नाच्या फोल्डरमधली 'शेवट' नावाची फाईल उघडली. तिच्यात एवढंच होतं, 'चि. सौ. कां. अमुक हिला शुभाशीर्वाद देण्यासाठी अगत्य येण्याचे करावे.' मला वाटलं, तेराव्याची पत्रिका का असू नये? लग्न न करणारे लोक असतात, न मरणारा मी अजून पाहिलेला नाही. म्हणून 'सुतक' नावाचं फोल्डर केलं, त्या फाईलीची नक्कल तिथं उतरवली, मजकूर बदलला. नावाची मोकळी खूण तशीच ठेवली. फाईलीचं नावही तसंच ठेवलं. केतकी संध्याकाळी वाचेल आणि हसेल, एवढाच माझा बेत. मग मामा उपटला आणि मी विसरून गेले.

फोल्डरांची नावं इंग्रजी अक्षरांत. त्यात एल आधी येतो, एस नंतर. लग्न आधी, सुतक मागून, म्हणून सुतकाचा शेवट लग्नाच्या शेवटाच्या जागी जाऊन बसला.

"मास्तर आत्ता कुठं असतील?" केतकीनं विचारलं.

"तांबळेवाडीला, त्यांच्या गावी. पहिली पत्रिका भैरोबाला. ती ठेवल्याशिवाय गठ्ठा सोडायचा नाही. अकराच्या आरतीला ठेवतो म्हणाले होते."

"म्हणजे अकरापर्यंत कुणी वाचणार नाही."

"अकराला वाचतील," मी म्हटलं. "तांबळेवाडीत गुरव पहिली पत्रिका देवाला वाचून दाखवतो. मोठ्यानं. देवाला आमंत्रण देतात, तर ते वाचायला नको का?"

तिनं पायात चपला घातल्या होत्या, त्याही वेगवेगळ्या जोडाच्या.

स्कूटरवर ती पुढे, मी मागे. तांबळेवाडी तासाभराच्या वाटेवर. तिचा खांदा धरला की वाटायचं आत्ता सांगावं, आणि खड्डा आला की वाटायचं, पुढच्या सपाट रस्त्यावर सांगू. सपाट रस्ता त्या बाजूला नाहीच.

"केतकी."

"काय?"

"काही नाही. जरा हळू."

"हळू गेले तर साडेअकरा वाजतील."

एका एसटीला आम्ही मागं टाकलं. ड्रायव्हरनं हात जोडले. पुढे उसाची गाडी आडवी, केतकी खालच्या कच्च्या वाटेनं गेली, माझा पदर एका बाभळीला राहिला, तो तसाच सोडून आम्ही पुढे. म्हणजे पदराचा तुकडा. साडी होती अंगावर.

"केतकी, मी काय म्हणते..."

"आई, उद्या शेटेसाहेब येतात. एक घोळ म्हणाले होते." वाऱ्यात तिचा आवाज तुटत होता. "मला परत घरात नाही बसायचं. खरं सांगू? मी वेडी झाले असते."

साडेदहा वाजले होते. मी घड्याळ बघितलं, परत बघितलं, अजून साडेदहाच.

देवळात पोहोचलो तेव्हा आरती संपून घंटा हलायची थांबत होती. मास्तर, त्यांची बायको, दहा-बारा माणसं. रोहिणी निळी साडी नेसून खांबाला टेकलेली. लालचुटूक कपड्यात बांधलेला गठ्ठा देवापुढे, आणि गुरव, चांगला दरवाज्याएवढा उंच माणूस, वरची पत्रिका काढून कुंकू लावत होता.

"थांबा," मी म्हटलं.

सगळे वळले. मला धाप लागलेली, पदर फाटलेला.

"अहो डांगेबाई, तुम्ही?" मास्तर म्हणाले. "इतक्या लांब?"

"मास्तर, एकतीस वर्षं पत्रिका लिहितेय, एकदाही देवाला वाचून दाखवली नाही. ही मी वाचू का? मीच लिहिलीय."

गुरवानं मास्तरांकडे बघितलं. मास्तर म्हणाले, "वाचू द्या की. चांगलंच आहे."

मी पत्रिका हातात घेतली. गणपती वाचला, भैरोबा वाचला. मुलगा, मुलगी, मुहूर्त. दोन्ही मामा अगदी दमानं वाचले, धाकटा तिथंच उभा होता. चिल्लीपिल्ली वाचली. मग आली तळाची सोनेरी ओळ, आणि माझ्या डोळ्यांपुढं 'कै.' एवढंच दिसायला लागलं. केतकी देवळाच्या पायरीवर उभी होती, दोन वेगळ्या चपला हातात घेऊन.

मी कागदावर नजर ठेवली आणि म्हटलं:

"'रोहिणी शाळेला पायी जायची. वाटेत हे देऊळ लागायचं. रोज थांबून हात जोडायची. भैरोबा, तू तिला रोज बघितलंस. आता ती निघाली दुसऱ्या गावाला, तिथं तू नसशील, म्हणून तुलाच आधी बोलावतोय. ये, आणि थोडी वाट तिच्याबरोबर चाल. आपले, सगळे घाडगे.'"

रोहिणीनं तोंड खांबाकडे फिरवलं. मास्तरांच्या बायकोनं पदर डोळ्याला लावला.

"हे मी लिहून दिलं नव्हतं," मास्तर म्हणाले.

"छापखान्यातर्फे घातलंय."

"ती रोज थांबायची, हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं," मी म्हटलं. मला कुठलं कळतंय? शाळेच्या वाटेवर देऊळ असतंच, आणि परीक्षा असली की पोरं थांबतातच.

"बघू, छापलंय कसं ते." मास्तरांनी हात पुढे केला.

तेवढ्यात गुरवानं पत्रिका माझ्या हातातून काढून घेतली, पालथी करून देवाच्या पायाशी ठेवली आणि वर मूठभर अक्षता टाकल्या.

"देवाला दिली ती देवाची झाली, मास्तर," तो म्हणाला. "बाकीच्या बघा."

बाकीच्या तर अजून वाईट. तिथं केतकी पुढं आली.

"मास्तर, बाकीच्या आज देता येणार नाहीत. मुहूर्तात एका मिनिटाची चूक झालीय. बत्तीसच्या जागी एकतीस पडलंय. म्हणूनच धावत आलो. संध्याकाळी सहापर्यंत नव्या आणून देते."

मुहूर्तात मिनिटाची चूक म्हटल्यावर मुलीचा बाप आणखी काही विचारत नाही. मास्तरांनी गठ्ठा असा उचलून दिला जसा काही तो भाजत होता. बारा एकतीस बरोबरच होतं, ते भटजींनीच लिहून दिलेलं. नव्या पत्रिकेत आम्हाला बारा बत्तीस छापावं लागलं. ते लग्न एक मिनिट उशिरा लागलं, आणि ऐकते की दोघं सुखात आहेत.

दुपारी छापखान्यात केतकी कंप्युटरपुढं बसली आणि मी तिच्या मागं. देवळात बोललेला शेवट मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. एका अक्षरानं चुकलं नाही. मशीनवाल्याला घरून बोलावलं, चारशे पत्रिका परत काढल्या, सहाला पोहोचवल्या. परतताना तिनं एकदाच विचारलं, "आई, काही सांगायचंय का?"

"नाही गं," मी म्हटलं. "कंबर दुखतेय."

सोमवारी दहाला शेटेसाहेबांनी दोघींना आत बोलावलं. टेबलावर चहा, त्यावर साय धरलेली.

"तांबळेवाडीहून गुरवाचा फोन होता," ते म्हणाले. "बाई वाचत होत्या तेव्हा तो त्यांच्या खांद्यावरून बघत होता. मास्तरांना त्यानं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण म्हणाला, बाईंनी वेळ मारून नेली, दुसऱ्या कुणाच्या लेकीला असं व्हायला नको." त्यांनी कागदावरून वाचलं, "'रडणाऱ्यांनी मागच्या दाराने यावे.' हे कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

आणि सगळं सांगितलं. फोल्डर, उतरवून घेतलेली फाईल, तेच नाव, चकलीसकट. रात्रभर कूस बदलत घोकून ठेवलं होतं, एक शब्द वाढवला नाही.

शेटेसाहेबांनी ऐकून घेतलं.

"डांगेबाई, मागच्या पावसाळ्यात तुम्हाला उशीर झाला, तेव्हा कृष्णेच्या पुलावर मगर आडवी झोपली होती."

"होती."

"त्याआधी घोडा रडला होता."

"साहेब, हे तसं नाही."

"सुनेसाठी करताय, मला कळतं. पण हे फोल्डर वगैरे तुम्हाला जमेल, असं मला समजायचं?"

"चला, दाखवते," मी म्हटलं आणि उठलेच. बाहेर कंप्युटरपुढं बसले. 'साचे' उघडलं. त्यात लग्न होतं, मुंज होती, बारसं होतं, वास्तुशांत होती. सुतक नव्हतं. मी वर गेले, खाली आले, परत वर गेले.

"आई, बास करा आता," केतकी माझ्या मागून म्हणाली. "सर, आईंना फोल्डर करता येत नाही. प्रोग्राम तपासायला म्हणून मी काहीतरी लिहिलं होतं, काढायचं राहिलं. काल काढून टाकलं."

"'जेवणात बुंदी आहे' हे तू लिहिलंस?"

"हो, सर. दोन वर्षं ह्यांच्या घरात राहतेय."

पापणी हलली नाही तिची. मी जन्मभर थापा मारत आले, पण इतकं सपाट तोंड मला एकदाही जमलं नाही.

शेटेसाहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." आणि मला म्हणाले, "डांगेबाई, तुम्ही बसा तुमच्या जागेवर. दोन मुंजी आल्यात."

मी जिन्यात तिला गाठलं.

"तुला काय झालंय काय?"

"हळू बोला, वर ऐकू जातं."

"फाईल माझी होती."

"माहीत आहे. काल सकाळी ओट्यापाशीच कळलं. बुंदी दुसरं कोण लिहिणार?"

"मग मला का नाही म्हणालीस?"

"तुम्ही म्हणायची वाट बघत होते."

मी कठड्याला धरलं. खाली रस्त्यावर कुणीतरी रिकामे डबे चढवत होतं, त्याचा आवाज चालला होता.

"मी आत्ता सांगितलं की," मी म्हटलं. "खरं सांगितलं."

"हो. छान सांगितलंत." तिनं पर्स खांद्यावर घेतली. "मला मिळेल दुसरं काम. आज नाही, सहा महिन्यांनी. तुम्हाला अठ्ठावन्नाव्या वर्षी कोण देणार? जा वर. मुंजी आल्यात."

सहा नाही, नऊ महिने लागले. त्या नऊ महिन्यांत ती घरात होती आणि मी रोज साडेनऊला डबा घेऊन निघत होते. डबा तीच भरून द्यायची.

आता ती पुण्याला चाळीस माणसांची साहेब आहे आणि मी तिच्याकडेच असते. हे सगळं मी कुणाकुणाला सांगितलं नाही? माझ्या मुलाला सांगितलं, माझ्या बहिणीला सांगितलं, गणपतीला तिच्या ऑफिसची माणसं आली त्यांना सांगितलं. सगळी पोट धरून हसतात आणि केतकीकडे बघतात.

"आईंना कुठलं फोल्डर करता येतंय?" ती म्हणते. "माझीच फाईल होती ती."

मी म्हटलं, अगं, छापखाना बंद झाला, शेटेसाहेब मुलाकडे अमेरिकेला गेले, आता कुणाला घाबरतेस? ती म्हणते, "घाबरायचं काय त्यात? जे झालं ते सांगतेय."

परवा माझं डोकं फिरलं. तिचा लॅपटॉप पुढ्यात ओढला, तिला शेजारी बसवलं आणि तिच्या डोळ्यांदेखत नवं फोल्डर केलं. नाव दिलं. फाईल उतरवून आत टाकली.

"बघ," मी म्हटलं.

तिनं चष्मा वर केला, वाकून नीट बघितलं, आणि एक अक्षर न बोलता ते पुसून टाकलं.